कोडं घालताय की तर्ककोडं?

'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.' उत्तर ठरलेलं आहे: चांदण्या आणि चंद्र. पण एखाद्या पोराने 'लक्ष्मीपूजनाची तयारी' असं उत्तर दिलं तर? शब्दाला शब्द लावून पाहिला, तर त्याचंच उत्तर जास्त बरोबर. तरी आजी 'चूक' म्हणणार, आणि चंद्राचं नाव ऐकल्यावर पोरगंही फार भांडणार नाही, कारण ते उत्तर त्याला पटतं. सिद्ध मात्र कुणीच काही केलेलं नसतं.

आता हे बघा. फराळाचे तीन डबे आहेत. एकात नुसते लाडू, एकात नुसत्या चकल्या, एकात दोन्ही. डब्यांवर 'लाडू', 'चकली' आणि 'दोन्ही' अशा चिठ्ठ्या आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या डब्यांवर लागल्यात. कुठल्याही एकाच डब्यात न बघता हात घालायचा, एकच जिन्नस बाहेर काढायचा आणि तिन्ही डब्यांत काय आहे ते सांगायचं.

घरात दोन्हींना 'कोडं'च म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्यात उत्तर ओळखायचं असतं, दुसऱ्यात काढायचं असतं. लाह्यांच्या कोड्याचं उत्तर घालणाऱ्याच्या मुठीत असतं. डब्यांचं उत्तर कुणाच्याच मालकीचं नाही. घालणारा मध्येच उठून गेला तरी बाकीचे ते काढू शकतात, आणि बरोबर आलं की नाही हे त्यांचं त्यांना कळतं.

काढूनच बघू. 'दोन्ही' लिहिलेल्या डब्यात हात घाला. चिठ्ठी चुकीची आहे, म्हणजे आत दोन्ही नाहीत, एकच प्रकार आहे. लाडू निघाला तर तो डबा लाडवांचाच. राहिला 'चकली'चा डबा. त्यात नुसत्या चकल्या असू शकत नाहीत, लाडवांचा डबा तर सापडलेला आहे, म्हणजे त्यात दोन्ही. उरलेल्या 'लाडू'च्या डब्यात चकल्या. चकली निघाली असती, तर हेच उलट.

यातला सगळा जीव 'तिन्ही' या एका शब्दात आहे. सांगणाऱ्याने घाईत 'चिठ्ठ्या चुकल्यात' एवढंच म्हटलं, तर दोनच चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली असू शकते, आणि मग एका जिन्नसावरून काहीच पक्कं सांगता येत नाही. तर्ककोडं सांगताना अटी मोजून सांगाव्या लागतात. १९१४ च्या डिसेंबरात लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात एक प्रश्न आला होता. रस्त्यावर घरांना १ पासून ओळीने क्रमांक दिलेत. एका घराच्या अलीकडच्या सगळ्या क्रमांकांची बेरीज पलीकडच्या सगळ्यांच्या बेरजेइतकीच आहे. एकूण घरं पन्नासच्या वर, पाचशेच्या आत. केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांनी (पुढचे नामवंत संख्याशास्त्रज्ञ) तो वाचून दाखवला आणि गणिती रामानुजनने तिथल्या तिथे सोडवला: २८८ घरांत २०४ वं. पन्नास-पाचशेची मर्यादा काढून टाका, की ८ घरांतलं ६ वंही चालतं, आणि ४९ घरांतलं ३५ वंही. ते ४९ दोन घरांनी हुकलंय. मर्यादा घालणाऱ्याने ती उगाच घातलेली नाही.

याउलट 'आटंगण पटंगण लाल लाल रान, बत्तीस पिंपळांना एकच पान' बघा. आटंगण पटंगण म्हणजे काय? काही नाही, ठेका आहे. ओळ थोडी इकडेतिकडे झाली तरी दात आणि जीभ हे उत्तर जागचं हलत नाही. तिथे शब्द निसटला तरी चालतो. ऐकणारा त्याच जगातला मात्र असावा लागतो. 'कोकणातून आली नार, तिचा पदर हिरवागार, तिच्या काखेला पोर' याचं उत्तर काजू. बी फळाच्या बाहेर लोंबते, तेच ते पोर. ज्याने काजू फक्त पाकिटात पाहिलाय, त्याने कितीही डोकं खाजवलं तरी उत्तर येणार नाही, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. तीन पायांच्या तिपाईवर बसलेला शिपाई, म्हणजे चुलीवरचा तवा, आज गॅसवरच्या पोरांना असाच अडतो. तर्ककोडी मात्र बिनधास्त फिरतात. नदीपार न्यायच्या वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं युरोपात लांडगा, बकरी आणि कोबी घेऊन हजारेक वर्षांहून जास्त काळ हिंडतंय. पात्रं बदलली, अटी त्याच.

म्हणून मदतही वेगळी करावी लागते. काजूला अडलेल्याला 'खायची वस्तू आहे' एवढं सांगितलं तरी तो अर्ध्या वाटेवर येतो. डब्यांना अडलेल्याला 'फराळाचं आहे' सांगून काय उपयोग? त्याला विचारायचं, 'आधी कुठला डबा उघडशील, आणि बाकीचे दोन का नाही?' हरलो म्हणवून घेण्याचंही तसंच. ओळखायच्या कोड्यात लवकर हार मानावी, कारण अर्धी मजा उत्तर ऐकण्यात असते. तर्ककोड्याचं उत्तर लगेच सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. मला तरी तो गुन्हाच वाटतो. अंड्याच्या कोड्यात न ओळखणाऱ्याच्या कमरेत लाथ घालायची तरतूद आहे (पांढरं पातेलं, पिवळा भात...). ती खरं तर उत्तर फोडणाऱ्यासाठी हवी.

प्रत्येक घरात एक जण असतोच, जो म्हणतो, 'डबा हलवून बघू ना, चकल्या वाजतात.' किंवा, 'शेळीला पोहायला सांगा.' तो तर्ककोड्याला ओळखायचं कोडं समजलाय. हसून घ्यावं आणि अट पुन्हा वाचून दाखवावी.

उलटा गोंधळ व्हॉट्सॲपवर रोज सापडतो. १ + ४ = ५, २ + ५ = १२, ३ + ६ = २१, तर ८ + ११ = किती? मागचं उत्तर पुढच्या बेरजेत मिळवत गेलात तर ४० येतं. दोन्ही आकडे गुणून त्यात पहिला मिळवलात तर ९६. दोन्ही नियम वरच्या तिन्ही ओळींना चोख लागू पडतात, आणि कुठला धरायचा हे ठरवणारी अट कुठेच दिलेली नसते. आकडे आहेत म्हणून ते तर्ककोडं वाटतं, पण जात लाह्या-रुपयाचीच आहे. उत्तर पाठवणाऱ्याच्या मुठीत. ४० वाले आणि ९६ वाले रात्री अकरापर्यंत भांडतात, आणि पाठवणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं, कारण त्याने ते दुसऱ्या ग्रुपवरून फॉरवर्ड केलेलं असतं.