कॅम्पबेल्स सूप – १

अमेरिकी पॉप आर्ट (रोजच्या वस्तू, जाहिराती यांनाच चित्राचा विषय करणारी कला) चित्रकार अँडी वॉरहॉल (१९२८–८७) यांचा दहा स्क्रीनप्रिंटचा संच, १९६८. सुमारे ३५ × २३ इंची कोऱ्या कागदावर मधोमध सूपचा एकच डबा. वर लाल, खाली पांढरा. दहाही चित्रांत डबा तोच, चव तेवढी बदलते : टोमॅटो, कांदा, हिरवा वाटाणा, चिकन नूडल, क्रीम ऑफ मशरूम इत्यादी. ‘पेपर पॉट’ म्हणजे फिलाडेल्फियाकडचे वजडीचे तिखट सूप. तेही या पंक्तीत आहे.

डबा फोडायचा, तेवढेच पाणी घालून उकळायचे, की जेवण तयार. कॅम्पबेल कंपनीचे हे आटवलेले सूप १८९७ पासूनचे, लाल-पांढरे लेबल त्याच्या पुढच्या वर्षीचे. आपण वीस वर्षे दुपारी हेच सूप पीत आलो, असे वॉरहॉल यांनी १९६३ मधील एका मुलाखतीत सांगितले होते. ही चित्रे म्हणजे बाजारू संस्कृतीची टिंगल, असे समीक्षक पुष्कळदा मानतात. पण रोज तेच खाऊन न विटणाऱ्या माणसाची खुशीही त्यांत आहे, ती विसरली जाते.

या विषयाची सुरुवात १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत झाली. तेथे ३२ चवींचे ३२ कॅनव्हास फळीवर ओळीने, दुकानात मांडावेत तसे मांडले होते. शेजारच्या एका कलादालनाने खरे डबे काचेत रचून ‘आमच्याकडे स्वस्त’ अशी थट्टाही केली. गंमत अशी, की छापल्यासारखी दिसणारी ती चित्रे हाताने रंगवलेली होती. डब्याच्या तळाशी फिरणारी फुलांची नक्षी ठसे मारून काढलेली, त्यामुळे कुठेकुठे वाकडी. लेबलाच्या मधोमध छापलेले, कंपनीला पॅरिस प्रदर्शनात मिळालेले पदक तर नुसती सोनेरी चकती! १९६८ च्या संचात मात्र खरोखरची छपाई आली आणि पदकावरच्या आकृतीही आल्या.

स्क्रीनप्रिंटमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडातून रबरी पट्टीने शाई खाली दाबतात. रंगागणिक चौकट वेगळी. आपल्याकडे लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि टी-शर्ट याच रीतीने छापतात. तंत्र कारखान्याचे, विषयही कारखान्याचा. म्हणून कॅनव्हासपेक्षा हा संच अधिक जमून आलेला वाटतो. लाल रंग सर्वत्र सपाट, ब्रशचा माग कुठेही नाही. खरा डबा जेमतेम चार इंचांचा, येथे तो जवळजवळ आठपट.

कंपनीलाही हे सारे आवडले असावे. तिच्या एका अधिकाऱ्याने १९६४ मध्ये वॉरहॉल यांना कौतुकाचे पत्र लिहून टोमॅटो सूपचे खोके पाठवले होते. १९६९ मध्ये आणखी दहा चवींचा दुसरा संच निघाला.

पहिल्या संचाच्या २५० प्रती काढल्या. सही चित्राच्या पाठीमागे, साध्या बॉलपेनाने. प्रतीचा क्रमांक रबरी शिक्क्याने उमटवलेला.