बाळ निगेटिव्ह आलं, आईचं पुढे काय?

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत नाव नोंदवायला आलेल्या गर्भवतीच्या रक्ततपासण्यांमध्ये एचआयव्हीची तपासणीही असते. ती पॉझिटिव्ह आली तर औषध लगेच आणि मोफत सुरू होतं. औषधापलीकडे मात्र तिला फारसं काही मिळत नाही. आईकडून बाळाला लागण होऊ नये यासाठीचा सरकारी कार्यक्रम उभा कसा राहिला हे पाहिलं की याचं कारण कळतं.

भारतात एचआयव्हीची पहिली लागण १९८६ साली चेन्नईत आढळली आणि १९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, स्थापन झाली. गर्भवतींसाठी देशव्यापी कार्यक्रम यायला आणखी दहा वर्षं गेली. उपचार केले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाच्या एका डोसाने हा धोका जवळपास निम्मा होतो, हे १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं. कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला थोडं सिरप, एवढंच करायचं होतं. ते स्वस्तही होतं. २००१-०२ पासून आपल्याकडे हेच सुरू झालं आणि त्यामुळे असंख्य बाळं वाचली.

त्या एका गोळीने आईचा आजार मात्र आटोक्यात येत नव्हता. उलट, एकाच डोसामुळे अनेकींच्या शरीरातला विषाणू नेव्हिरॅपिनला दाद देईनासा व्हायचा, आणि पुढे स्वतःच्या उपचारात तेच औषध लागायचं. मला या इतिहासातला सर्वांत बोचणारा भाग हाच वाटतो. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू झाली, पण ती प्रामुख्याने सीडी-४ (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशींची संख्या) दोनशेच्या खाली घसरलेल्यांसाठी होती. ज्यांची तब्येत बरी होती त्या आयांना नुसतं थांबायचं होतं. गर्भवतीला सीडी-४ न पाहता आयुष्यभराची एआरटी मिळू लागली ती २०१४ पासून.

घरातली कुचंबणा या सगळ्या काळात तशीच राहिली. घरात सर्वांत आधी तपासणी होते ती गर्भार सुनेची, म्हणून 'हिनेच आणलं' हा ठपकाही तिच्यावरच बसतो. नवऱ्याची तपासणी नंतर होते, कधी होतही नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं तर गोळ्यांचा डबा सोबत न्यावा लागतो. तो वाजू नये म्हणून गोळ्या काढून कागदात बांधून ठेवणाऱ्या बायका आहेत.

अंगावर पाजण्याचंही तसंच. एआरटी घेणाऱ्या आईने बाळाला पाजावं, पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच दूध द्यावं, असा सल्ला असतो. वरचं दूध, मध, घुटी काही नाही, कारण दोन्ही एकत्र दिल्याने धोका वाढतो. आता सासू बाराव्या दिवशी सहाण घेऊन घुटी उगाळायला बसली, तर खरं कारण न सांगता तिला थांबवायचं कसं? काउन्सेलरचा सल्ला बरोबरच असतो. तो घरात पाळण्यासाठी लागणारी सोबत मात्र कुणी देत नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही आणि बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. विधवा आईसाठी हा दुसरा हक्क फार मोलाचा आहे. पण तो बजावायचा म्हणजे तक्रार आली, आणि तक्रार म्हटलं की चारचौघांत नाव निघण्याची भीती. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे. तिथेही अर्जासोबत कागद जोडावे लागतात आणि गावात ते ओळखीच्याच हातात पडतात.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, आणि अठराव्या महिन्याला शेवटची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की बाळाची नोंद बंद होते. आईची गोळी चालूच राहते. दुसरं मूल हवं का, मुलाला हे कोणत्या वयात सांगायचं, रात्री झोप लागत नाही ते कुणाला सांगायचं, हे सगळं त्यानंतरच सुरू होतं.

केपटाउनमध्ये २००१ पासून पॉझिटिव्ह आयांनाच मानधन देऊन दवाखान्यात नव्या गर्भवतींसोबत बसवलं गेलं. आपल्याकडे त्याच सुमारास गोळी आली. २०१३ नंतर 'विहान' या रुग्णांना आधार देणाऱ्या केंद्रांमधून पॉझिटिव्ह कार्यकर्ते काम करू लागले, पण त्यांच्यावर सगळ्याच रुग्णांचा भार असतो. बाळंतपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत आईसोबत राहील अशी, त्याच वाटेने गेलेली, पगारी बाई प्रसूती विभागात आणि एआरटी केंद्रात नेमायला हवी.