घरबांधणीतील श्रमदान (ग्रामीण विदर्भ)

गरजू कुटुंबाचे घर बांधण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा त्या घराची मंजुरी व कागदपत्रे मार्गी लावण्यासाठी प्रौढांनी आणि तरुणांनी धर्मादाय संस्थेमार्फत विनामोबदला केलेल्या कामास घरबांधणीतील श्रमदान म्हणतात. विदर्भातील खेड्यांत पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू (छपराची कौले) फेरायला किंवा कुडाची भिंत लिंपायला शेजाऱ्यांनी येण्याची चाल जुनी आहे. मात्र तिची परतफेड श्रमानेच होते आणि दोन्ही घरे एकमेकांना ओळखतात. संस्थेमार्फत येणारा स्वयंसेवक घरमालकाला अपरिचित असतो व परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही. म्हणूनच कोणी, कोणत्या वयात, कोणाच्या देखरेखीखाली कोणते काम करावे याचे नियम येथे आवश्यक ठरतात.

अशा संघटित कामाचा एक आरंभ युरोपात आढळतो. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली गावठाणे पुन्हा उभी करण्यासाठी स्विस शांतिवादी पिएर सेरेझोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दनजवळ स्वयंसेवकांचे शिबिर भरवले. अमेरिकेत मिलर्ड व लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने घर मिळणाऱ्या कुटुंबानेही स्वतः राबले पाहिजे, ही अट घातली. संस्थेचे भारतातील काम १९८३ मध्ये सुरू झाले. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे तिने सुमारे शंभर घरांचे बांधकाम हाती घेतले, तेव्हा अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वयंसेवकांबरोबर तेथे प्रत्यक्ष काम केले. विदर्भाची परंपरा याहून स्वतंत्र आहे. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणारे गाडगे महाराज व ग्रामसफाईला प्रार्थनेइतकेच स्थान देणारे तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले. आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ सुरू केलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी आपल्या हातांनी घरे बांधली. पुढे चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातील सोमनाथ येथे भरू लागलेल्या श्रमसंस्कार छावणीने महाविद्यालयीन तरुणांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली.

बांधकामावर स्वयंसेवक म्हणजे विटा रचणारा माणूस, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. ओळंब्यात, म्हणजे दोरीला वजन लावून सरळ रेषेत, भिंत उभी करणे हे मिस्त्रीचे काम आहे, आणि नवशिक्याने रचलेले चार थर मिस्त्रीला संध्याकाळी उतरवावे लागले, तर कुटुंबाचे सिमेंट वाया जाते. स्वयंसेवकाचा खरा उपयोग मिस्त्रीच्या हाताखाली होतो. मातीची भाजलेली वीट रचण्यापूर्वी पाण्यात बुडवून ठेवावी लागते आणि बुडबुडे येणे थांबले म्हणजे ती पुरेशी भिजली असे समजतात. कोरडी वीट मसाल्यातले (सिमेंट-रेतीच्या मिश्रणातले) पाणी शोषून घेते व सांधा कच्चा राहतो. रेती चाळणे, मसाला कालवणे, पाच-सहा जणांनी रांग करून घमेली हातोहात पुढे देणे ही कामे तासाभरात शिकता येतात. पायाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वऱ्हाडातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो, आणि ही खोदाई कष्टाची असली तरी ती अर्धवट सोडल्यास दोन वर्षांत भिंतीला तडे दिसू लागतात.

पाणी मारणे हे सर्वांत दुर्लक्षित काम होय. स्लॅब टाकल्यानंतर किमान आठवडाभर, आणि शक्य झाल्यास दोन आठवडे, तो ओला ठेवावा लागतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना आणि विहिरी तळाला गेलेल्या असताना, हे पाणी बहुधा घरातील बाईच्या डोक्यावरून येते. शिबिर आटोपून छायाचित्र काढून परतणाऱ्या तुकडीपेक्षा पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन गुंड (घागरी) पाणी आणून ओतणारे गावातले दोन तरुण त्या घराच्या अधिक उपयोगी पडतात.

हंगामाचा विचार न करता आखलेले शिबिर फसते. कापूस वेचणी व हरभऱ्याची काढणी आटोपल्यावर, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मृगापर्यंतचा काळ बांधकामास मिळतो. गडचिरोली, गोंदिया या पूर्वेकडील जिल्ह्यांत मात्र याच दिवसांत कुटुंबे पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. ती त्यांची वर्षाची रोख मिळकत असते. अशा वेळी घरमालक कामावर दिसत नाही म्हणून त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. तेथे कामाची वेळ कुटुंबाला विचारूनच ठरवली जाते.

तरुणांच्या बाबतीत वय हा पहिला प्रश्न असतो. भारतीय कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामे देण्यास मनाई आहे. हा कायदा मजुरीसाठी असला, तरी श्रमदानातही तोच दंडक पाळणे शहाणपणाचे. ‘हॅबिटॅट’च्या अमेरिकेतील नियमांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना चालू बांधकामावर प्रवेश नसतो, आणि छप्पर, पाडकाम व विजेवरची हत्यारे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच राखीव असतात. शाळकरी मुले परसात रोपे लावणे, तयार भिंतींना खालच्या भागात रंग देणे, कामकऱ्यांना पाणी-जेवण पोचवणे अशी कामे करू शकतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १९६९ पासून चालू असलेली राष्ट्रीय सेवा योजना हा सोयीचा मार्ग आहे. तीत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते.

प्रौढांपैकी ज्यांना ऊन किंवा ओझे सोसत नाही, त्यांच्यासाठी कागदाचे काम आहे, आणि अनेक घरे विटांअभावी नव्हे तर कागदांअभावीच अडून राहतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरवण्यात आले. रक्कम हप्त्यांनी, बांधकामाचे टप्पे छायाचित्रांसह नोंदवल्यावर बँक खात्यात जमा होते. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि अनुसूचित जमातींसाठी शबरी या राज्याच्या आवास योजना आहेत. नमुना आठचा (ग्रामपंचायतीतील घराच्या नोंदीचा) उतारा, जातीचा दाखला, आधार व बँक पासबुकावरील नावांतला एखाद्या अक्षराचा फरक, अशा बाबी निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक किंवा बँक कर्मचारी थोड्या फेऱ्यांत निस्तरू शकतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. आवास योजनेच्या घरावर कुटुंबाच्या स्वतःच्या अकुशल श्रमासाठी रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतच्या मजुरीची तरतूद करण्यात आली होती. श्रमदान करणाऱ्यांची हजेरी त्या मजुरीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) लावणे, किंवा श्रमदान झाले म्हणून कुटुंबाची मजुरी कापणे, या दोन्ही गोष्टी गैर आहेत.

घर ताब्यात दिल्यानंतरही काही काम उरते. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वयंसेवकांपैकी एखाद्याने मिस्त्रीसह फेरी मारून खिडकीवरचा सज्जा, भिंत व स्लॅब यांचा सांधा आणि जोत्याभोवती साचणारे पाणी पाहायचे असते. गळती याच सुमारास दिसते, आणि तेव्हा ती दोन घमेली मसाल्यात बुजवता येते.