ह्यूगनॉट पूर्वज सिद्ध करायचा आहे? वंशज संस्थांची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

‘आमचे मूळ पुरुष फ्रेंच, धर्मापायी देश सोडून आलेले’ हे अमेरिकेतल्या अनेक घरांत सांगितलं जातं. या फ्रेंच प्रोटेस्टंटांना ह्यूगनॉट म्हणतात आणि त्यांच्या वंशजांना सदस्य करून घेणाऱ्या संस्था तिथे आहेत. वंशज संस्थेला मात्र तीन गोष्टी कागदावर लागतात: तुम्ही त्या पूर्वजाच्या सरळ वंशातले आहात, तो ठरलेल्या काळातला आहे आणि तो फ्रेंच प्रोटेस्टंट होता. अर्ज अडकतात ते बहुतेक पहिल्याच मुद्द्यावर. तेही फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट धर्मावर बंदी आली त्या १६८५ च्या आसपास नाही, तर १७८० ते १८५० मधल्या दोन-तीन पिढ्यांत. त्यामुळे फ्रान्समधलं गाव शोधायची घाई करू नका. काम स्वतःपासून मागे न्यायचं.

कोण पात्र

नॅशनल ह्यूगनॉट सोसायटी १० डिसेंबर १५२० ते २८ नोव्हेंबर १७८७ हा काळ धरते. ल्यूथरने पोपचा आदेश जाळला तो पहिला दिवस; शेवटचा सोळाव्या लुईच्या सहिष्णुतेच्या फर्मानाचा मानला जातो. अर्जदार १८ वर्षांवरचा हवा. वंश बापाकडून असो वा आईकडून, मधेच बाजू बदलली तरी चालतं. म्हणजे मराठी वडील आणि अमेरिकन आई असलेल्या मुलांनाही आईच्या बाजूने अर्ज करता येतो. पूर्वजाचा भाऊ किंवा चुलता मात्र चालत नाही. श्रद्धा आणि स्वातंत्र्य या ह्यूगनॉट तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. अर्जदाराच्या स्वतःच्या धर्माबद्दलची अट ज्या त्या संस्थेच्या चालू अर्जावर नीट वाचा.

न्यूयॉर्कची ह्यूगनॉट सोसायटी ऑफ अमेरिका १८८३ ची, चार्ल्सटनची साउथ कॅरोलायनाची संस्था १८८५ ची. व्हर्जिनियातल्या मॅनकिन वसाहतीच्या वंशजांची संस्था वेगळी आहे. पूर्वज जिथे उतरला तिथली संस्था आधी बघा. तिच्या निबंधकांना, म्हणजे अर्ज तपासणाऱ्यांना, त्या भागातली कागदपत्रं तोंडपाठ असतात.

संस्थांकडे मान्य पूर्वजांची यादी असते. तुमचा पूर्वज त्यात असेल तर त्याचा धर्म आणि स्थलांतर पुन्हा सिद्ध करावं लागण्याची शक्यता कमी. पण यादीत त्याचं नाव असणं म्हणजे तुमचा पणजोबा त्याच्याच वंशातला असणं नव्हे. तो दुवा तुम्हालाच जोडायचा आहे.

कागद किती, कोणते

१७०० पासून आजवर साधारण दहा-अकरा पिढ्या होतात. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू धरला तर तीसएक नोंदी. त्यातली एखादी तारीख नसली तर बहुधा निभावतं. हे मूल याच आईबापांचं, हा पुरावा मात्र एकाही पिढीत गाळून चालत नाही.

अलीकडच्या तीन पिढ्यांसाठी आईबापांची नावं असलेला सविस्तर जन्मदाखला मागवा. संक्षिप्त दाखल्यावर ती बहुधा नसतात. आडनाव बदललेल्या प्रत्येक बाईचा विवाहदाखला जोडा. त्यामागे १८५० पर्यंत जनगणना साथ देते, कारण त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र १८८० पासूनच लिहिलेलं आहे. म्हणून १८५० च्या पानावर एकाच घरात दिसलेला मुलगा पुतण्याही असू शकतो. १८९० ची जनगणना जवळपास सगळी नष्ट झाली आहे, तिची वाट बघू नका.

१८५० च्या आधी जनगणनेत फक्त प्रमुखाचं नाव असतं. खरी कसोटी इथेच. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्या ओळीने सापडतात, तशी एकच वही तिकडे नाही. मृत्युपत्रं, खरेदीखतं, करयाद्या आणि चर्चच्या नोंदवह्या यांतून एकेक सांधा जुळवावा लागतो.

मॅनकिनचं उदाहरण घ्या. १७०० मध्ये जेम्स नदीच्या काठी ही वस्ती झाली. तिथल्या किंग विल्यम पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) उपलब्ध बाप्तिस्मा-नोंदवही १७२१ पासूनची, तीही फ्रेंचमध्ये. म्हणजे पहिल्या वीस वर्षांत जन्मलेली मुलं तिच्यात नाहीत. त्यांच्यासाठी १७०७ पासूनची पॅरिश कारभाराची वही आणि करयाद्या चाळायच्या: सोळा वर्षं पूर्ण झालेला मुलगा बापाच्या नावाखाली करपात्र म्हणून अचानक दिसू लागतो, त्यावरून जन्माचं साधारण साल आणि बाप दोन्ही कळतात. दुसरी गोम जिल्ह्याची. तीच जमीन आधी हेन्रिको काउंटीत, १७२८ पासून गूचलंडमध्ये, १७४९ पासून कंबरलंडमध्ये आणि १७७७ पासून पाउहॅटनमध्ये. घराणं कुठेही हललेलं नसतं, पण त्याचे कागद चार कचेऱ्यांत विखुरलेले असतात.

तिथला वारसाहक्कही ध्यानात ठेवा. १७८५ च्या कायद्याने बदल होईपर्यंत, मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जाई, त्याचा वेगळा कागद होत नसे. मग तो ती विकतो तेव्हा खतात ‘अमक्याचा पुत्र व वारस’ असे शब्द येऊ शकतात. सूचीतलं नाव बघून थांबू नका, खताचा पूर्ण मजकूर वाचा. बायकोने आपला हक्क सोडल्याची नोंद त्याच खतामागे असते आणि तिचं नाव मिळायची ती कधीकधी एकमेव जागा ठरते.

फ्रेंच नोंद कशी वाचायची

बाप्तिस्म्याच्या ओळीत आधी तारीख, मग मुलाचं नाव, ‘फिस द’ किंवा ‘फिय द’ म्हणजे अमक्याचा मुलगा वा मुलगी, बापाचं नाव, आणि आईचं तिच्या माहेरच्या आडनावासकट. शेवटी ‘पारँ’ आणि ‘मारेन’, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता. हे दोघे पुष्कळदा मामा, आत्या, आजोबा असतात. त्यांची नावं उतरवून घेतलीच पाहिजेत. डच चर्चच्या वह्यांतही बायका माहेरच्या नावाने दिसतात. १६७७ मध्ये बारा जणांना सनद मिळालेल्या, न्यूयॉर्कमधल्या न्यू पाल्ट्झची घराणी शोधताना किंग्स्टनचं डच चर्च म्हणूनच सोडू नये.

स्पेलिंगवर अडून बसू नका. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरचे वडील अपोलोस रिव्वार म्हणून बॉस्टनला आले होते. मॅनकिनचे सोब्ले पुढे सब्लेट झाले. १६२१ मध्ये प्लिमथला आलेल्या फिलिप द लान्वाचं डेलानो झालं. शिवाय तो जन्मला हॉलंडमधल्या लायडनला, वालून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूच्या फ्रेंचभाषी, आईबापांपोटी. अशा वालून घराण्यांना तुमची संस्था मान्य करते का, हे अर्जाआधी पत्राने विचारून घ्या.

१७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे ‘११ फेब्रुवारी १७०३/४’ (जुन्या गणतीने १७०३, आजच्या गणतीने १७०४) असं दिसलं तर ते तसंच उतरवा. एकच साल लिहिलं की बाप्तिस्मा लग्नाच्या आधी पडतो आणि निबंधक अर्ज परत पाठवतात.

धर्माचा पुरावा

फ्रेंच आडनाव हा पुरावा नाही. कॅथलिक फ्रेंचही वसाहतींत आले. चालतात ते असे कागद: न्यूयॉर्कच्या फ्रेंच चर्चच्या १६८८ पासूनच्या नोंदी, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या फ्रेंच प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या, नागरिकत्वाच्या याद्या. साउथ कॅरोलायनात १६९५ च्या सुमाराची फ्रेंच व स्विस निर्वासितांची यादी तर खजिना आहे: तीत जन्मगाव, आईबाप, बायको, मुलं सगळं येतं. तिथे १७०६ नंतर बहुतेक फ्रेंच मंडळ्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, पॅरिशांत मिसळल्या, म्हणून पुढच्या पिढ्या अँग्लिकन वह्यांत शोधा.

अर्ज भरताना

आधी शाखेच्या निबंधकांना वंशरेषेचा एक पानी आराखडा पाठवा. हिरवा कंदील मिळाला की अर्ज मागवा. पहिली पिढी तुमची, मग क्रमाने मागे. प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पिढीचा क्रमांक टाका आणि संबंधित नावाखाली रेघ मारा. छापील पुस्तकातलं पान जोडताना शीर्षकपानही जोडा. मूळ कागद कधीच पाठवू नका. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांना पुरावा मानत नाहीत. डीएनए चाचणी तुमचं नेमकं कोणत्या पूर्वजाशी कोणतं नातं हे एकटी सांगत नाही. एखाद्या पिढीला थेट कागद नसेल तर चार-पाच अप्रत्यक्ष नोंदी मांडून, त्याच नावाचा शेजारचा दुसरा माणूस हा का नव्हे, ते एका पानात लिहा.

मंजुरीनंतर सदस्य क्रमांक आणि अर्जाची संपूर्ण प्रत जपून ठेवा. भावंडांना किंवा मुलांना पुढे अर्ज करायचा झाला तर तो क्रमांक देऊन बहुधा आपल्या पिढीचे दाखले तेवढे जोडावे लागतात.