बिग ब्लॉक ड्रॅग इंजिनाला कुठलं हेड घ्यायचं? आधी पोर्टमधल्या हवेचा वेग बघा

ड्रॅग रेसचं, म्हणजे सरळ, आखूड ट्रॅकवरच्या शर्यतीचं इंजिन बांधताना सगळ्यात जास्त विचार कुठल्या पार्टवर करायचा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा म्हणजे पोर्ट असतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलता येतो, कार्ब्युरेटर बदलता येतो, पण हेडच्या पोर्टमधून जी हवा आत गेलीच नाही तिची ताकद पुढे कुठूनच मिळत नाही. आणि तरीही हेड निवडताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, फ्लो बेंचवर, म्हणजे हेडमधून वाहणारी हवा मोजायच्या यंत्रावर, जास्तीत जास्त किती सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा गेली तो. हा आकडा खोटा नसतो पण अर्धवट असतो, आणि त्यावरून घेतलेलं हेड कित्येकदा गाडीला हळू करतं.

आधी बिग ब्लॉक म्हणजे काय ते. अमेरिकन व्ही-८ मधली मोठ्या ब्लॉकची फॅमिली, क्रायस्लरचं ४२६ हेमी, फोर्डचं ४६०, आणि ड्रॅग स्ट्रिपवर सगळ्यात जास्त दिसणारं शेव्हरोलेचं बिग ब्लॉक, जे १९६५ मध्ये ३९६ क्युबिक इंचात आलं आणि पुढे ४२७, ४५४ असं वाढत गेलं. शेव्हीच्या हेडची खासियत अशी की व्हॉल्व्ह एका ओळीत सरळ उभे नाहीत, ते दोन दिशांनी तिरके आहेत, म्हणून रेसिंगवाले त्याला साळिंदर म्हणायला लागले. या तिरकेपणामुळे व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरच्या भिंतीपासून लांब सरकतो आणि हवेला बाजूने जागा मिळते, फार हुशार डिझाइन आहे ते. पण त्यातच एक खोड आहे. एका हेडमधल्या चारपैकी दोन इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत नेणारे पोर्ट, हवेला सिलिंडरच्या मध्याकडे सोडतात आणि उरलेले दोन भिंतीकडे, म्हणून त्यांना चांगला पोर्ट आणि वाईट पोर्ट म्हणतात, आणि एकाच इंजिनातले सिलिंडर वेगवेगळे भरतात. हेड घेताना दोन्ही पोर्टचे आकडे मागायचे, फक्त चांगल्या पोर्टचे नाही.

आता हिशोब करू. ड्रॅगमध्ये कॉमन असलेलं ५४० क्युबिक इंचाचं इंजिन धरा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ४.५ इंच आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ४.२५ इंच. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणून क्युबिक इंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६ केलं की सीएफएम येतात. ७००० आरपीएमला हे होतात साधारण १०९४, म्हणजे एका सिलिंडरला १३७. मग लोक चारशे सीएफएमचं हेड का शोधतात? कारण इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण वेळ उघडा नसतोच, ७२० अंशांच्या सायकलमध्ये तो ढोबळमानाने चाळीस टक्के वेळच नीट उघडा असतो, सगळी हवा तेवढ्यातच आत घ्यावी लागते, आणि त्यातही पिस्टन सगळ्यात जोरात खाली जातो तेव्हा मागणी अजून वर जाते. २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला मोजलेले सीएफएम गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडरची संख्या, असा एक जुना ठोकताळा आहे, त्याने ४०० सीएफएमचं हेड आठ सिलिंडरला साधारण ८२० हॉर्सपॉवरपर्यंत साथ देतं. साथ देतं हा शब्द महत्त्वाचा, ती ताकद मिळेलच असं नाही.

कारण फ्लो बेंचवर हवा एकसारखी, एकाच दाबाने वाहत राहते. इंजिनात ती थांबते, धावते, परत थांबते, ७००० आरपीएमला मिनिटाला साडेतीन हजार वेळा. पिस्टन तळाला पोचून परत वर यायला लागला तरी रेस कॅमचा इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो, आणि त्या वेळी हवा आत येत राहते ती फक्त स्वतःच्या वेगाच्या जोरावर. गर्दीने भरलेल्या लोकलच्या डब्यात मागून आलेल्या लोंढ्याने अजून दहा जण आत ढकलले जावेत तसं. वेग दुप्पट झाला तर हवेची गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून चांगलं रेस इंजिन आपल्या आकारमानापेक्षाही जास्त हवा भरून घेऊ शकतं. पोर्ट गरजेपेक्षा मोठा घेतला की बेंचवर आकडा वाढतो पण वेग पडतो, हा जोर जातो, वर येणारा पिस्टन थोडी हवा परत पोर्टमध्ये ढकलतो, आणि कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचे थेंब हवेतून सुटून पोर्टच्या भिंतीला चिकटतात.

उलट पोर्ट फार लहान असेल तर हवा आवाजाच्या वेगाच्या जवळ जायला लागते आणि गुदमरते. एमआयटीच्या सी. फेयेट टेलर यांनी हे फार पूर्वीच मांडलं होतं, इनटेकमधला त्यांचा माख इंडेक्स, म्हणजे हवेच्या वेगाचं आवाजाच्या वेगाशी प्रमाण, साधारण ०.६ च्या वर गेला की सिलिंडर भरणं झपाट्याने कमी होतं. म्हणून इंजिन बिल्डर पोर्टच्या सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ बघतात आणि तिथे सेकंदाला सहाशे फुटांच्या जरा वर वेग धरतात. आपल्या ५४० ला ७००० आरपीएमसाठी हा हिशोब साधारण साडेतीन चौरस इंच देतो, ८००० ला फिरवायचं असेल तर चार. लोक पोर्टचे सीसी विचारतात, ३३५ की ३५७ वगैरे, पण सीसी म्हणजे नुसतं घनफळ, लांब पोर्टचे सीसी आपोआप वाढतात. अरुंद जागेचं माप विचारा, ते जास्त खरं बोलतं.

दुसरी गोष्ट लिफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याची. व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भाग उचलला की त्याच्या कडेने मिळणारी जागा व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाएवढी होते, २.२५ इंचाच्या व्हॉल्व्हला हे ०.५६ इंचावर होतं. त्यापुढे अडवणूक पोर्टची आणि सीटखालच्या गळ्याची. कॅटलॉगमध्ये ०.८०० इंचाचा आकडा ठळक छापतात, पण व्हॉल्व्ह तिथे एकदाच पोचतो आणि ०.४०० वरून दोनदा जातो, जाताना आणि येताना, म्हणून मला मधल्या लिफ्टचे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात.

आता चेंबर, म्हणजे हेडमधली इंधन जळायची पोकळी, ज्याकडे दुर्लक्ष होतं. ५४० चा एक सिलिंडर म्हणजे ११०८ सीसी, त्याला १४:१ कॉम्प्रेशन हवं तर वरती फक्त ८५ सीसी जागा उरायला पाहिजे. ११९ सीसीच्या ओपन चेंबरचं हेड घेतलं आणि गॅस्केट वगैरेचे १० धरले तर पिस्टनच्या डोक्यावर ४४ सीसीचा डोम म्हणजे उंचवटा लागतो, जड तर होतोच पण ज्वाळेच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. १०० सीसीचं चेंबर असेल तर तोच डोम २५ वर येतो आणि जाळ नीट पसरतो. माझ्या मते सारख्या फ्लोच्या दोन हेडमध्ये लहान, आटोपशीर चेंबरवालं घ्यावं.

अ‍ॅल्युमिनियम की कास्ट आयर्न हा वाद रेससाठी संपलेला आहे, अ‍ॅल्युमिनियम हलकं, उष्णता पटकन ओढून घेणारं, आणि वेल्डिंगने दुरुस्त होतं. एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या साधारण ७५ टक्के वाहिला तरी चालतो कारण जळलेला वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडतो, नायट्रस (ताकद वाढवायला जादा ऑक्सिजन देणारा वायू) वापरणार असाल तर मात्र एक्झॉस्ट जास्त हवा.

वाईट पोर्टची खोड मुळापासून काढायची असेल तर कमी कोनाचे व्हॉल्व्ह आणि सारखे, लांब लांब ठेवलेले इनटेक पोर्ट असलेली हेड आहेत, १८ अंशांची वगैरे. ती खरंच जास्त वाहतात, पण नुसतं हेड घेऊन भागत नाही, पिस्टन, रॉकर, मॅनिफोल्ड, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) सगळं त्याच्यासाठीचं लागतं, म्हणून आधी पूर्ण सेटचं बजेट मांडा.

आणि गाडी विसरू नका. ड्रॅगमध्ये इंजिन एका अरुंद आरपीएम पट्ट्यात काम करतं, टॉर्क कन्व्हर्टरच्या स्टॉलपासून, म्हणजे गाडी सुटताना इंजिन ज्या आरपीएमला असतं तिथपासून, गिअर टाकायच्या आरपीएमपर्यंत, समजा ५५०० ते ७२००, आणि टाइम स्लिपवरचा, म्हणजे रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवरचा आकडा त्या पूर्ण पट्ट्यातल्या सरासरी ताकदीने ठरतो, वरच्या टोकाने नाही. २००० पाउंडाच्या ड्रॅगस्टरला हलवायला फार जोर लागत नाही, तिथे इंजिन पटकन वर चढतं आणि मोठा पोर्ट खपून जातो. तेच ५४० साडेतीन हजार पाउंडाच्या स्टीलच्या गाडीत बसवलं की पहिल्या साठ फुटांत खालचा टॉर्क लागतो, तिथे मी ३५७ सीसी सोडून ३१५-३३५ चं, वेग धरणारं हेड घेईन, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, वरचे वीस-पंचवीस हॉर्सपॉवर कमी दिसले तरी.