पार्श्वभूमी : स्लो कुकर, बीन टाको आणि आधीची उकळी

अमेरिकेत सकाळी कामावर निघताना स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, बीन्स लावून जायच्या आणि संध्याकाळी परतल्यावर त्या टॉर्टियात (मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळीत) भरून टाको करायचे, हा बेत तिथल्या मराठी घरांमध्येही रुळला आहे. टाको कसा भरायचा, वर काय काय घालायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. कोरड्या बीन्स थेट कुकरमध्ये टाकायच्या की आधी गॅसवर उकळून घ्यायच्या, यावर मात्र पाककृतींचं एकमत नाही. ‘सगळं एकदम टाका आणि विसरून जा’ असं सांगणाऱ्या कृती आजही सर्रास मिळतात. ही नोंद मुख्यतः त्या मतभेदामागच्या इतिहासाची आहे.

हे भांडं मुळात बीन्ससाठीच जन्मलं. शिकागोतल्या एका संशोधकाने १९३६ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मंजूर झालं. कल्पना आली ती आईकडून ऐकलेल्या, लिथुआनियातल्या विल्नियसच्या आठवणीतून. ज्यू घरांमध्ये शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि तो संपेपर्यंत चूल पेटवत नाहीत. म्हणून बीन्स, बटाटे, बार्ली आणि मांस घातलेलं मडकं शुक्रवारी सूर्यास्ताआधी बेकरीच्या भट्टीत ठेवून यायचं आणि रात्रभर शिजलेलं ‘चोलंट’ शनिवारी घरी आणायचं. चुलीच्या वैलावर तासन्तास ठेवलेली उसळ ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ही चव समजावून सांगायला नको.

एक फरक मात्र इथेच नोंदवून ठेवतो. बेकरीची भट्टी आधीच पाव भाजून तापलेली असायची. मडकं सुरुवातीलाच कडक आचेत जायचं आणि भट्टी निवत जाईल तशी आच उतरत जायची. विजेच्या भांड्यात क्रम उलटा झाला. ते थंड असताना सुरू होतं आणि हळूहळू, काही तासांत तापतं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ मला या उलटलेल्या क्रमात दिसतं.

१९५० च्या दशकात हे भांडं ‘बीनरी’ या नावाने विकलं जात होतं, त्यामुळे ते कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. १९७० मध्ये संशोधकाने आपला व्यवसाय कॅन्सस सिटीतल्या एका कंपनीला विकला. तिने भांड्याचं रूप बदललं, सोबत पाककृतींची पुस्तिका दिली आणि १९७१ मध्ये शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते ‘क्रॉकपॉट’ म्हणून मांडलं. १९७४ पासून आतलं मातीचं भांडं बाहेर काढून धुता येऊ लागलं. भांडी घासणाऱ्या माणसाला या सोयीचं मोल कळेल.

नावातून बीन्स गेल्या आणि त्यांच्या जागी आख्खं जेवण आलं. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती, १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या होत्या, आणि कमी विजेवर दिवसभर आपसूक शिजणाऱ्या भांड्याला मोठी मागणी आली. घरातलं कुणी समोर उभं न राहता स्वयंपाक होतो, हेच जाहिरातींचं मुख्य सांगणं होतं. मांसाच्या रश्शासाठी ते ठीकच होतं. पण कोरड्या राजम्याला हाच नियम लावला गेला, आणि ती चूक लक्षात यायला काही वर्षं गेली.

ती लक्षात आली ब्रिटनमध्ये. १९७६ साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांच्या एका गटाने रात्रभर भिजवलेला राजमा न शिजवताच खाल्ला. पुढच्या काही तासांत त्यांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. त्यानंतर अशा तक्रारी नोंदवल्या जाऊ लागल्या. १९७६ ते १९८९ या काळात तिथे राजम्याच्या विषबाधेचे ५० संशयित प्रकार नोंदले गेले. सगळ्यांनी राजमा कच्चा खाल्ला होता असं नाही. तो स्लो कुकरमध्ये शिजवून खाल्ल्यावरही त्रास होऊ शकतो, हे याच काळात पुढे आलं.

कारण असं, की राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. कच्च्या लाल राजम्यात त्याची मात्रा २०,००० ते ७०,००० एकक (या प्रथिनाची तीव्रता मोजण्याचं माप) असते. पूर्ण शिजल्यावर ती २०० ते ४०० एककांवर येते. चार-पाच कच्चे दाणेही त्रास व्हायला पुरतात आणि लक्षणं साधारण एक ते तीन तासांत दिसतात. हे प्रथिन मोडतं ते खळखळत्या उकळीने. नुसत्या मंद आचेवर, म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाणे कच्च्यापेक्षाही जास्त, पाचपटीपर्यंत विषारी होऊ शकतात. आणि स्लो कुकरमधल्या पदार्थांचं तापमान मोजलं, तेव्हा ते बऱ्याचदा ७५ अंशांपर्यंतच पोचलेलं आढळलं. दाणा बोटाने दाबला तर मऊ लागतो, म्हणून आपण तो शिजला असं समजतो. पण मऊ होणं आणि विष मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

मग उकळायचं किती वेळ? ब्रिटनमध्ये सल्ला रुळला तो असा : किमान पाच तास भिजवा, पाणी ओतून टाका, ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग पुढे शिजवा. अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणेने नंतर आपल्या मार्गदर्शनात तीस मिनिटं सांगितली. दहा मिनिटांत प्रथिन मोडतं हे तिलाही मान्य आहे. मात्र भांड्यातला प्रत्येक दाणा खरोखर त्या तापमानाला पोचला याची खात्री असावी, म्हणून तिने वेळ वाढवली. यावर दोन बाजू पडल्या. कामाच्या दिवशी आणखी अर्धा तास गॅसपाशी उभं राहायचं तर स्लो कुकर हवाच कशाला, असं एक बाजू विचारते. तिचं म्हणणं मला समजतं, पण पटत नाही. भिजवणं रात्रीच होतं, सकाळचा चहा होईस्तोवर उकळी होते, आणि घरात लहान मुलं जेवणार असतील तर दहा की तीस यावर घासाघीस कशाला करायची? अर्धा तासच धरावा. वेळच नसेल तर डब्यातल्या बीन्स घ्याव्यात. त्या डबाबंद होतानाच पूर्ण शिजलेल्या असतात. ‘सोप्या’ म्हणून दिलेल्या कितीतरी कृतींचा सोपेपणा या डब्यातच आहे.

आपल्याकडे हा वाद फारसा पोचला नाही, कारण आपण राजमा रात्री भिजवतो आणि प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या करतो. तिथे तापमान १०० अंशांच्या वर जातं. अमेरिकेत राहायला गेल्यावर भांडं बदलतं आणि हाताची सवय जुनीच राहते, म्हणून ही माहिती तिथल्या मराठी माणसाला जास्त लागते.

नावांचाही गुंता आहे. टाकोत सहसा ब्लॅक बीन्स किंवा पिंटो बीन्स असतात, लाल राजमा क्वचित. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे तिन्ही एकाच जातीचे दाणे, म्हणजे आपला घेवडाच. श्रावणघेवडा ही त्याची कोवळी शेंग. विषारी प्रथिनाची मात्रा वाणागणिक बदलते आणि लाल राजम्यात ती सर्वांत जास्त असते. म्हणून ‘आम्ही तर काळे वापरतो’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. उकळी काळ्यांनाही द्यावी. स्पॅनिशमध्ये पिंटो म्हणजे रंगवलेला, ठिपक्याठिपक्यांचा. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंगावर पट्टे असलेल्या आपल्या दाण्याला वाघ्या म्हटलं. या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हीकडे दाण्याच्या अंगावरची नक्षी पाहूनच नाव पडलं.

घेवडा मूळचा अमेरिका खंडाचा. मेक्सिकोत मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात घेण्याची रीत फार जुनी आहे. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, वाटून त्याची टॉर्टिया करतात. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं, आणि मक्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते घेवडा भरून काढतो. तिथे बीन्स साध्या मडक्यात, विस्तवावर उकळून शिजवत आल्या आहेत. म्हणजे मूळ पद्धतीत उकळी आहेच. टाको हा शब्द त्या मानाने अलीकडचा. चांदीच्या खाणीत सुरुंगाची दारू कागदात गुंडाळून करत त्या नळकांडीला टाको म्हणत आणि पदार्थाचं नाव त्यावरून आलं, असं एका इतिहासकाराचं मत आहे.

कडक कवचाचा टाको अमेरिकेत पसरला तो विसाव्या शतकात. टॉर्टिया घडी घालून तळण्याच्या साच्याचं पेटंट न्यूयॉर्कमधल्या एका मेक्सिकन उपाहारगृह चालकाला १९५० मध्ये मिळालं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात टाको विकणारी एक साखळी सुरू झाली आणि पदार्थ देशभर पोचला. मंगळवारी टाको, हा घरोघरचा शिरस्ता झाला. ‘टाको ट्यूजडे’ हे शब्द वायोमिंगमधल्या दुसऱ्या एका साखळीने १९८९ मध्ये आपल्या नावावर नोंदवून घेतले होते. २०२३ मध्ये वाद झाल्यावर तिने ती नोंदणी सोडली. मला ते योग्य वाटतं. लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांवर एकाच दुकानाची मालकी असू नये.

२०१० नंतर विजेवर चालणारे बहुउपयोगी प्रेशर कुकर आले आणि अनेक घरांत स्लो कुकर फडताळात गेला. प्रेशरवर लावलेल्या भिजवलेल्या बीन्स तासाभरात टाकोसाठी तयार होतात, आणि उकळीचा प्रश्न उरत नाही. पण त्याच भांड्यावर ‘स्लो कुक’ असंही एक बटण असतं. ते दाबलं की आच पुन्हा मंद होते, आणि तेव्हा बीन्स आधी उकळून घ्याव्याच लागतात. टोमॅटो किंवा लिंबू मात्र त्यात सुरुवातीला घालू नये. आंबटपणाने दाणे लवकर मऊ होत नाहीत. टोमॅटोचा साल्सा शेवटी, टाको भरताना वरून घालावा.