छोट्या कॉम्प्युटरची रॅम वाढते का? उत्तर तांब्याच्या तारेत आहे

सेलूला माझा चुलत भाऊ सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आणि जुलै उजाडला की पीकविमा. त्याच्या टेबलावर दोन मिनी पीसी आहेत, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढे. जुने टॉवर त्याने मुद्दाम काढले, कारण वीज गेली की इन्व्हर्टरला ते पेलत नसत. दोन्ही डब्यांत इंटेलचा एन१०० हाच प्रोसेसर, दोन्हींत ८ जीबी रॅम, बाहेरून एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे सारखे. मागच्या हंगामात त्याचा फोन आला, "दादा, दोन्ही मशिनी लई हळू चालायल्यात. लोकं ओट्यावर बसून राहायलेत. रॅम वाढवता यील का?"

या प्रश्नाची दोन उत्तरं मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. एक म्हणजे, डेस्कटॉप आहे ना, मग वाढणारच. दुसरं, छोट्या डब्यात काही वाढत नाही, कंपन्या मुद्दाम बंद करून ठेवतात. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर आम्ही दोन्ही डबे उघडले, तेव्हा दोन्ही उत्तरं चूक निघाली. पहिल्या डब्यात मदरबोर्डवर एक खाच होती आणि तिच्यात जवळपास सात सेंटिमीटर लांबीची हिरवी पट्टी बसवलेली होती. हीच लॅपटॉपमध्ये असते ती एसओ-डिम. दुसऱ्यात खाचच नव्हती. प्रोसेसरला अगदी खेटून काळ्या चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या होत्या.

एकच प्रोसेसर असूनही असं का? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग इथेच वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

आधी एक शंका दूर करू. मेमरी प्रोसेसरच्या आतच का करत नाहीत? थोडी करतात, तिला कॅश म्हणतात. पण आपण जिला रॅम म्हणतो ती वेगळ्या जातीची. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली तिचं पेटंट मिळालं: एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलंसं धारित्र, बस्स. धारित्रात भार असला तर १, नसला तर ०. हे धारित्र तडा गेलेल्या रांजणासारखं झिरपतं, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर झिरपणं वाढतं आणि हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं. अशी अब्जावधी धारित्रं एका चिपवर दाटीने बसवण्याची कारखान्यातली रीत वेगळी, प्रोसेसर बनवण्याची वेगळी. म्हणून मेमरी वेगळ्या चिपांवर येते, आणि दोघांच्या मध्ये तांब्याची वाट उरते.

आता ती वाट. पुस्तकात आपण शिकतो की तार म्हणजे तार, एका टोकाला व्होल्टेज लावलं की दुसऱ्या टोकाला लगेच येतं. घरातल्या बल्बसाठी हे खरं धरायला हरकत नाही. पण मेमरीच्या वेगाला हे "लगेच" टिकत नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून विद्युत संकेत त्याच्या साधारण निम्म्या वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर जातो. पंधरा वर्षांपूर्वीच्या डीडीआर३ मेमरीत (डीडीआर हा रॅमचा प्रकार, पुढचा आकडा म्हणजे पिढी) एका रेषेवरून सेकंदाला १६० कोटी बिट जात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ६२५ पिकोसेकंद. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.) तेवढ्यात संकेत साडेनऊ सेंटिमीटर पुढे जातो. आपल्या दुसऱ्या डब्यातली मेमरी सेकंदाला ४८० कोटी बिट पाठवते, तिचा बिट फक्त तीन सेंटिमीटरचा. आणि आजच्या वेगवान ८५३ कोटींच्या मेमरीत एक बिट पावणेदोन सेंटिमीटरचा. सहा-सात सेंटिमीटरच्या रेषेवर एकाच वेळी चार बिट एकामागून एक धावत असतात! पहिला पोचायच्या आत चौथा निघालेला असतो.

यात बिघडतं कुठे? जनावराचा कासरा घ्या, त्याच्या टोकाला सुतळी बांधा आणि सुतळीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. कासऱ्याला एक झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाते, तिथून थोडी सुतळीत शिरते आणि थोडी उलटी तुमच्या हाताकडे येते. मुलांकडून हे जरूर करून घ्या, गाठीवरून परतणारी लाट डोळ्यांना दिसते. दोर मध्येच जाडीला बदलला की लाट फुटते, एवढाच नियम. तांब्याच्या रेषेलाही अशी "जाडी" असते. तिला प्रतिबाधा म्हणतात, आणि ती रेषेची रुंदी व तिच्या खालच्या थरापासूनचं अंतर यावर ठरते. बोर्डावर ती सगळीकडे सारखी राखता येते. पण खाच आली की तांबं बोर्डातून वर उठतं, स्प्रिंगच्या दातातून जातं, मग पट्टीच्या कडेवर उतरतं. तिथे गाठ पडते. तिथून लाटेचा तुकडा परत फिरतो.

परत फिरलेला तुकडा पूर्वी एवढा का नडला नाही? मोंढ्यातल्या रिकाम्या गोदामात उभं राहून सावकाश बोला. प्रत्येक शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दाआधी विरून जातो आणि ऐकणाऱ्याला सगळं समजतं. आता तेच भरभर बोला. मागच्या शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर पडतो. डीडीआर३च्या काळात मेमरी सावकाश बोलत होती. आता ती इतकी भरभर बोलते, की एका बिटाचा प्रतिध्वनी पुढच्या बिटावर पडून १ चा ० वाटू शकतो.

अभियंत्यांनी यावर केलेले उपाय पाहिले की मन भरून येतं. डीडीआर२पासून मेमरी चिपच्या आतच टोकाला रोध बसवतात. तो येणारी लाट पिऊन टाकतो, परत पाठवत नाही. डीडीआर५मध्ये तर चिपच्या स्वीकारणाऱ्या बाजूला असं मंडल असतं, की ते आधीच्या चार बिटांची उरलेली सावली मोजून आताच्या बिटातून वजा करतं. आणि दर रेषेची लांबी केसभर वेगळी असते म्हणून मशीन सुरू होताना मेमरी कंट्रोलर, म्हणजे मेमरीशी बोलणारा भाग, ठरावीक नमुने पाठवून बघतो, प्रत्येक रेषेला किती उशीर द्यायचा, एक आणि शून्य यांच्यातली सीमा किती व्होल्टवर धरायची, हे शोधतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. खाचेतली मेमरी आज चालते ती या सगळ्या कसरतीमुळे. पण कसरतीला वीज लागते, आणि एका मर्यादेनंतर तीही पुरत नाही.

मोबाइलसाठी बनवलेली एलपीडीडीआर मेमरी दुसऱ्याच वाटेने गेली. वाटच छोटी करा आणि गाठ ठेवूच नका. डीडीआर४च्या संकेतरेषा १.२ व्होल्टवर चालतात, एलपीडीडीआर५च्या ०.५ व्होल्टवर. रेषा भरायला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ढोबळ हिशेबाने ती पावणेसहापट कमी झाली. पण एवढा क्षीण संकेत लांबच्या वाटेवर, दातांतून, पट्टीवर पाठवला तर वाटेतच हरवतो. म्हणून ती प्रोसेसरला खेटून सोल्डर करायची. दोन डब्यांमधला फरक नेमका हा होता. पहिल्यातली डीडीआर४ पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दुसऱ्यातली सोल्डर केलेली ३८.४ जीबी, म्हणजे दीडपट.

ॲपलच्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपचा इतिहास हीच गोष्ट सांगतो, थोड्या वळणांनी. २०१०च्या मॉडेलात तळाचं झाकण हाताने फिरवलं की रॅम समोर. २०१४मध्ये ती सोल्डर झाली. २०१८मध्ये पट्ट्या परत आल्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायला आतला बोर्ड बाहेर काढावा लागे. २०२०च्या एम१ प्रोसेसरपासून मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे तो ज्या छोट्या पाटीवर बसतो तिच्यावरच, गेली आणि वाढवण्याचा प्रश्न संपला. हातात मावणाऱ्या एम४ मिनीत मेमरीचा वेग सेकंदाला १२० जीबी आहे. दुरुस्ती करता येणारे लॅपटॉप बनवणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीलाही २०२५च्या आपल्या छोट्या डेस्कटॉपमध्ये मेमरी सोल्डर करावी लागली. त्यातल्या एकदम २५६ बिट नेणाऱ्या रुंद वाटेवर सुटी मेमरी ठेवली तर संकेत टिकत नव्हता.

तरीही भौतिकशास्त्राच्या नावाखाली सगळं खपवून घ्यायचं नाही. सोल्डर करण्याला तांत्रिक कारण आहे. वाढीव मेमरीसाठी लावलेल्या किमतीला ते कारण नाही. २०२४च्या मॅक मिनीत १६वरून २४ जीबीवर जायला अमेरिकेत २०० डॉलर जादा मोजावे लागले. ग्राहकाला नंतर दुसरीकडून घेता येत नाही, म्हणून असा दर चालतो. आणि एन१००सारख्या साध्या प्रोसेसरला खाच देता येतेच, आमचा पहिला डबा त्याचा पुरावा. मधला मार्गही निघाला आहे. डिसेंबर २०२३मध्ये कॅम२ नावाचं मानक प्रसिद्ध झालं. यात मेमरीची पट्टी उभी किंवा तिरपी खोचायची नाही, ती बोर्डावर सपाट दाबून स्क्रूने आवळायची. दात आखूड, वाट आखूड, गाठ लहान. एलपीडीडीआरसुद्धा त्यामुळे सुटी करता येते आणि २०२४पासून काही लॅपटॉपमध्ये ती आली आहे. छोट्या डेस्कटॉपमध्ये ती सरसकट यावी असं मला मनापासून वाटतं.

डबा न उघडता ओळखायचं कसं? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. फॉर्म फॅक्टरसमोर एसओडिम लिहिलं असेल तर बहुतेक पट्टी आहे. रो ऑफ चिप्स लिहिलं असेल तर सोल्डर केलेली आहे. स्लॉट्सच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. खाच एकही नसताना तिथे चार-आठ स्लॉट दिसतात, ते चिपांचे गट असतात. नवा मिनी पीसी घेताना कागदावर एलपीडीडीआर दिसलं तर पुढच्या पाच वर्षांची रॅम त्याच दिवशी घ्यावी लागेल असं समजा.

दोन गैरसमज जाता जाता. मोबाइलवर "८+८ जीबी" छापतात, त्यातली दुसरी आठ ही रॅम नाही. ती साठवणुकीतली जागा आहे, आणि तिथून माहिती यायला रॅमच्या शेकडोपट वेळ लागतो. दुसरं, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासायचा रिवाज. त्या सोन्याचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. पुन्हा पुन्हा घासलं की तो झिजतो आणि खालचा धातू उघडा पडून गंजू शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं मऊ कापड पुरतं.

आम्ही डबा उघडला त्या दिवशी नेमकी दिव्याची आवस होती. शेजारचे काका म्हणाले, आज मशीन उघडू नका. चिपला तिथी कळत नाही, काका, मी म्हटलं. तिला कळते ती हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज चिप जाळू शकते. पावसाळ्यात धोका कमी, तरी आधी प्लग काढून, लोखंडी खिडकीला हात लावून मगच काम करायचं. काका बसून राहिले आणि शेवटपर्यंत बघत होते.

पहिल्या डब्यातली ८ जीबीची पट्टी काढून १६ची बसवली. खाच एकच होती आणि इंटेलने या प्रोसेसरसाठी मर्यादाही १६ जीबीच सांगितली आहे. चालू केलं तर पडदा काळा. भाऊ घाबरला, "गेलं का दादा?" मी त्याला हात लावू दिला नाही. आत तेव्हा ट्रेनिंग चाललं होतं, एकेका रेषेचा उशीर मोजला जात होता. मिनिटभराने विंडोज उघडलं.

मेमरीचा वेग दुसऱ्या डब्यात दीडपट आहे, पण अर्ज, स्कॅन आणि वीस टॅब एकदम उघडे ठेवायला वेगापेक्षा जागा लागते. त्यामुळे अर्ज भरणं आता सगळं पहिल्यावर चालतं, आणि दुसऱ्यावर त्याने फक्त प्रिंट आणि स्कॅन ठेवलंय.